‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ नावाचा गट आणि आपले सर्व्हर: वाचकांचे प्रश्न

एकाच प्रत्यक्ष सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक, चालवणारे व्हीएमवेअरचे ईएसएक्सआय हे सॉफ्टवेअर साखर कारखान्यांपासून रुग्णालयांपर्यंत अनेक संस्थांच्या सर्व्हर खोल्यांत असते. त्यातील सीव्हीई-२०२४-३७०८५ या क्रमांकाने नोंदलेल्या त्रुटीमुळे ओळखपडताळणीला बगल देऊन सर्व्हरचा पूर्ण ताबा मिळवता येतो. तिच्याविषयी मराठवाड्यातील वाचकांनी विचारलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. विषय सुरक्षेचा असल्यामुळे पत्रलेखकांची आणि संस्थांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: आमच्या सहकारी साखर कारखान्यात दोन सर्व्हरवर ईएसएक्सआय ७.० आहे. वजनकाटा, शेतकी विभागाच्या ऊसनोंदी, ऊसबिले आणि कामगारांची हजेरी ही सगळी कामे त्यावरच्या व्हर्च्युअल मशीनमधून चालतात. दोन्ही सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या डोमेनला (संस्थेतील संगणक, खाती आणि गट एकत्र सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेला) जोडलेले आहेत. तपासणीच्या अहवालात वरील त्रुटीचा उल्लेख आला आहे. देखभाल करणाऱ्यांचे म्हणणे असे की, तिची तीव्रता १० पैकी ६.८ म्हणजे मध्यम आहे आणि ७.० साठी दुरुस्ती आलेलीच नाही, तेव्हा गाळप संपेपर्यंत कशालाही हात लावू नये. हा सल्ला मानावा का? (संगणक विभाग, लातूर जिल्हा)

उत्तर: सर्व्हरची आवृत्ती हंगामाच्या मध्यात बदलू नये, एवढाच भाग त्या सल्ल्यातून घ्यावा. बाकीचे काम आठवडाभरात उरकता येईल, आणि ते उरकलेच पाहिजे.

आधी त्रुटी समजून घेऊ. ईएसएक्सआय सर्व्हर डोमेनला जोडला की, तो मूळ सेटिंगप्रमाणे त्या डोमेनमधील ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ या नावाच्या गटातील प्रत्येक सदस्याला पूर्ण प्रशासकीय अधिकार देतो. असा गट डोमेनमध्ये आपोआप तयार होत नाही, आणि बहुतेक ठिकाणी तो कोणी तयार केलेलाही नसतो. तरीही सर्व्हर त्या नावाची वाट पाहत असतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक गटाला नावाखेरीज एक कायमचा ओळखक्रमांक असतो. नाव बदलले तरी तो क्रमांक बदलत नाही आणि गट पुसून त्याच नावाने नवा काढला तर क्रमांक मात्र नवा मिळतो. ईएसएक्सआय हा क्रमांक तपासत नव्हते, केवळ नाव पाहत होते. गोदामाच्या पहारेकऱ्याला ‘देखरेख समितीचा सदस्य आला की कुलूप उघडून दे’ असे सांगून ठेवावे, गावात तशी समितीच नसावी आणि मग जो कोणी त्या नावाची समिती स्थापन करील त्याला गोदाम खुले व्हावे, तसा हा प्रकार आहे.

त्यामुळे डोमेनमध्ये गट तयार करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आला, त्याने या नावाचा गट काढून स्वतःचे खाते त्यात टाकले की सर्व्हर त्याच्या ताब्यात जातो. अस्तित्वात असलेल्या एखाद्या गटाचे नाव बदलून हे नाव दिले तरी तोच परिणाम होतो. तिसरा भाग अधिक लक्षात ठेवण्यासारखा आहे: व्यवस्थापनासाठी दुसरा गट नेमला, तरी ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’च्या सदस्यांचे अधिकार ताबडतोब काढून घेतले जात नाहीत. निर्मात्यांनी २५ जून २०२४ रोजी ही त्रुटी जाहीर केली तेव्हा निवेदनात पूर्वी ठरवलेला गट पुसल्यावर तो पुन्हा तयार करण्याचा उल्लेख होता. गट कधीच अस्तित्वात नसला तरीही हा मार्ग चालतो, हे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २९ जुलै २०२४ रोजी प्रसिद्ध केलेल्या माहितीवरून सर्वांच्या लक्षात आले. खंडणीसाठी माहिती कुलूपबंद करणाऱ्या अनेक टोळ्या ही युक्ती वापरत असल्याचे आणि त्यातून अकिरा व ब्लॅक बास्टा ही रॅन्समवेअर पसरवली गेल्याचे त्यांनी नोंदवले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने ही त्रुटी प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली.

आता ६.८ या आकड्याविषयी. तो चुकीचा काढलेला नाही. हल्लेखोराकडे डोमेनमध्ये आधीच मोठे अधिकार असावे लागतात, या अटीमुळे गुण कमी झाले आहेत. परंतु ही अट आपल्याकडच्या संस्थांना कितपत वाचवते? उत्तर अमेरिकेतील एका अभियांत्रिकी कंपनीवर झालेल्या ज्या हल्ल्याचा तपशील मायक्रोसॉफ्टने दिला आहे, त्यात आधी क्वॅकबॉट या व्हायरसने एक साधा संगणक पकडला, मग विंडोजमधील एका जुन्या त्रुटीच्या आधारे त्यावरचे अधिकार वाढवले गेले, त्यातून डोमेन प्रशासकांची खाती चोरली गेली आणि अखेर ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ गट काढून सर्व्हरवरील व्हर्च्युअल मशीनच्या फाइली कुलूपबंद करण्यात आल्या. म्हणजे ही त्रुटी हल्ल्याची पहिली पायरी नसून शेवटची आहे, आणि सगळे नुकसान त्याच पायरीवर होते. ज्या संस्थेत डोमेन प्रशासकाचा पासवर्ड संगणक विभाग, देखभाल करणारे आणि लेखा सॉफ्टवेअर बसवून गेलेला माणूस या सगळ्यांना ठाऊक असतो, तेथे ‘मोठे अधिकार आधीच असावे लागतात’ ही अट फार सहज पूर्ण होते. शिवाय ईएसएक्सआयवर साधे अँटीव्हायरस चालत नाही. तेथे शिरलेला माणूस काटा, बिले आणि हजेरी यांच्या मशीनमध्ये वेगवेगळा न शिरता तिन्हींच्या डिस्क फाइली एका आज्ञेत निकामी करू शकतो. म्हणून मध्यम हा शेरा वाचून हे काम मागे टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

७.० साठी दुरुस्ती काढणार नाही, असे निर्मात्यांनी जाहीर केलेच होते, दुरुस्ती ८.० च्या अपडेट ३ मध्ये आहे. परंतु जुन्या आवृत्तीसाठी त्यांनी पर्यायी उपाय दिला आहे आणि त्यासाठी नवी आवृत्ती बसवावी लागत नाही. सर्व्हरच्या प्रगत सेटिंग्जमध्ये तीन बदल करायचे असतात. ज्या सेटिंगचे नाव ‘ईएसएक्सअ‍ॅडमिन्सग्रुपऑटोअ‍ॅड’ने संपते, ती बंद करावी, म्हणजे गटाला आपोआप अधिकार देणे थांबते. ज्या सेटिंगमध्ये गटाचे नाव लिहिलेले असते, तेथून ते नाव पुसून जागा मोकळी ठेवावी. आणि ‘ऑथव्हॅलिडेटइंटरव्हल’ने संपणाऱ्या सेटिंगमध्ये मुळात असलेले १४४० हे मूल्य ९० करावे, म्हणजे खात्यांची फेरतपासणी दिवसातून एकदा होण्याऐवजी दीड तासाने होईल. बदल करण्यापूर्वी सर्व्हरच्या परवानग्यांच्या यादीत दुसऱ्या कोणत्या खात्याला प्रशासकीय अधिकार आहेत ते पाहावे आणि रूट खात्याने (सर्व्हरच्या स्वतःच्या सर्वाधिकारी खात्याने) प्रत्यक्ष लॉगिन होऊन खात्री करावी. काट्याचे मशीन ज्या सर्व्हरवर नाही, तेथे आधी बदल करून एक दिवस निरीक्षण करावे.

हंगाम संपल्यावर मात्र ७.० वर राहू नये. तिचा सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे पुढे सापडणाऱ्या त्रुटींना दुरुस्ती मिळेल असे गृहीत धरता येत नाही. ८.० काही जुन्या प्रोसेसरांवर चालत नाही. तेव्हा सुसंगत यंत्रांच्या अधिकृत यादीत आपले सर्व्हर आहेत का ते आताच तपासावे, म्हणजे नवी खरेदी लागणार असेल तर ती संचालक मंडळापुढे वेळेवर ठेवता येईल.

प्रश्न: आमच्या नागरी सहकारी बँकेतही सर्व्हर डोमेनला जोडलेले आहेत. सेटिंग आम्ही आता बदलली, परंतु त्यापूर्वीच कोणी आत शिरून गेले असेल तर ते कसे कळावे? (बँक कर्मचारी, बीड)

उत्तर: हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. सेटिंग बदलल्याने दार बंद होते. आत कोणी येऊन गेले का, हे नोंदींवरूनच कळते.

डोमेनची खाती आणि गट सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, म्हणजे डोमेन कंट्रोलरवर, प्रथम ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ नावाचा गट शोधावा. तो सापडला आणि आपल्यापैकी कोणी तो काढलेला नसेल, तर पुढचे सगळे काम घटना घडली आहे असे धरूनच करावे. तो सापडला नाही तरी थांबू नये, कारण काम झाल्यावर गट पुसून टाकता येतो. डोमेन कंट्रोलरच्या सुरक्षा नोंदींमध्ये ग्लोबल सुरक्षा गट तयार झाल्याची घटना ४७२७ या क्रमांकाने, त्यात सदस्य टाकल्याची ४७२८ ने आणि खात्याचे किंवा गटाचे नाव बदलल्याची ४७८१ ने नोंदली जाते. त्या नोंदीत कोणत्या खात्याने हे केले ते दिलेले असते. ते खाते कोणाचे आणि त्या वेळी ती व्यक्ती खरोखर कामावर होती का, एवढे ताडून पाहिले तरी बरेच उलगडते. नंतर ईएसएक्सआयच्या होस्टडी या व्यवस्थापन सेवेच्या नोंदींमध्ये त्याच सुमारास कोणत्या डोमेन खात्याने प्रवेश केला, दुरून आज्ञा देण्याची एसएसएच सेवा सुरू केली गेली का, व्हर्च्युअल मशीन अवेळी बंद झाल्या का, हे पाहावे.

अडचण अशी की, सुरक्षा नोंदींची फाइल भरली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात, आणि ईएसएक्सआयच्या नोंदी कायमस्वरूपी डिस्कवर ठेवण्याची व्यवस्था केलेली नसेल तर सर्व्हर बंद होताच त्या नाहीशा होतात. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी ही फार मोठी उणीव ठरते. म्हणून दोन्हीकडच्या नोंदी एका वेगळ्या, डोमेनबाहेरच्या संगणकाकडे सतत पाठवत राहाव्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तिची माहिती सर्ट-इनला देणे आवश्यक आहे. बँक असल्यामुळे रिझर्व्ह बँकेला कळवण्याची जबाबदारी त्याहून वेगळी आहे.

संशयास्पद गट सापडला तर घाईने सर्व्हर बंद करू नये किंवा गट पुसू नये. व्यवस्थापनाच्या जाळ्याची केबल काढावी, नोंदींची प्रत बाहेर घ्यावी आणि मग बोलावलेल्या तज्ज्ञांना काम करू द्यावे. जुलै २०२४ च्या अखेरीस एका तंत्रज्ञान सेवा पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर राष्ट्रीय देयक निगमाने, म्हणजे एनपीसीआयने, त्याला देयक जाळ्यातून तात्पुरते वेगळे केले आणि देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले. ती घटना या त्रुटीमुळे घडली, असे म्हणण्यास काहीही आधार नाही. तरी वेगळे करण्याचा निर्णय किती लवकर घ्यावा लागतो आणि त्याची झळ किती ग्राहकांना बसते, हे आपल्या संचालकांना समजावून सांगण्यासाठी ते उदाहरण उपयोगी पडेल.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रॉक्समॉक्स आणि विंडोजमधील हायपर-व्ही ही दोन्ही सॉफ्टवेअर आहेत; एक जुना ईएसएक्सआय सर्व्हरही आहे, परंतु तो डोमेनला जोडलेला नाही. मग आम्ही निश्चिंत राहावे का? (प्रयोगशाळा प्रमुख, नांदेड)

उत्तर: डोमेनला न जोडलेल्या ईएसएक्सआयला या त्रुटीचा धोका नाही, आणि प्रॉक्समॉक्स वेगळे सॉफ्टवेअर असल्याने त्यात ती नाही. निश्चिंत मात्र राहता येणार नाही.

हायपर-व्हीचा विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. विंडोजचा सर्व्हर डोमेनला जोडला की ‘डोमेन अ‍ॅडमिन्स’ हा गट त्याच्या स्थानिक प्रशासकांत आपोआप समाविष्ट होतो. ही त्रुटी नसून रचनाच तशी आहे. पण परिणाम पाहा: डोमेन ज्याच्या हाती, त्याच्याच हाती सगळ्या व्हर्च्युअल मशीन. विद्यार्थ्यांची खाती ज्या डोमेनमध्ये आहेत, त्याच डोमेनला प्रयोगशाळेचा हायपर-व्ही सर्व्हर जोडू नये, असे मी आग्रहाने सुचवीन. प्रॉक्समॉक्समध्ये डोमेनची खाती वापरत असाल तर कोणत्या गटाला कोणती भूमिका दिली आहे ते वर्षातून एकदा तरी वाचून काढावे आणि प्रशासकीय खात्यांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावावी. ती सोय त्यात आहेच.

विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी आणखी दोन उदाहरणे घेण्यासारखी आहेत. एप्रिल २०२० मध्ये अनेक ईएसएक्सआय सर्व्हर एकत्र सांभाळणाऱ्या व्हीसेंटर या सॉफ्टवेअरच्या डिरेक्टरी सेवेत सीव्हीई-२०२०-३९५२ ही त्रुटी जाहीर झाली. तिला १० पैकी १० गुण होते, आणि तिचे वैशिष्ट्य असे की, ६.७ ही आवृत्ती कोऱ्या यंत्रावर बसवलेल्यांना तिचा धोका नव्हता, ६.० किंवा ६.५ वरून ६.७ वर आलेल्यांनाच होता. सॉफ्टवेअरची आवृत्ती सारखी असूनही त्याचा इतिहास वेगळा असला तर सुरक्षा वेगळी ठरते, हे याहून चांगले कोठे दिसणार? दुसरे उदाहरण जून २०२३ मधील सीव्हीई-२०२३-२०८६७ चे. त्यात ईएसएक्सआय आधीच हल्लेखोराच्या ताब्यात असेल, तर आतल्या व्हर्च्युअल मशीनमधील व्हीएमवेअर टूल्स हे सहायक सॉफ्टवेअर त्याची ओळख न पडताळताच त्याच्या आज्ञा मानत असे. गुण होते फक्त ३.९, आणि तरीही हेरगिरी करणाऱ्या एका गटाने ती प्रत्यक्षात वापरली होती.

जुन्या ईएसएक्सआयची आवृत्ती आपण कळवलेली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या रॅन्समवेअरची लाट आली, तेव्हा जिच्यामुळे ती पसरल्याचे मानले गेले, त्या ईएसएक्सआयमधील ओपनएसएलपी सेवेच्या त्रुटीची दुरुस्ती सुमारे दोन वर्षे आधी उपलब्ध झालेली होती. आपला सर्व्हर त्या काळातला असेल आणि इंटरनेटवरून थेट दिसत असेल, तर तो आजच आतल्या जाळ्यात घ्यावा.

प्रश्न: आमच्या रुग्णालयात ईएसएक्सआयची मोफत आवृत्ती आहे, आधाराचा करार नाही. दुरुस्ती कोठून मिळवावी? (जालना)

उत्तर: ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअर विकत घेतल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये मोफत आवृत्ती बंद झाली होती, एप्रिल २०२५ मध्ये ती ८.० अपडेट ३ई या रूपात पुन्हा उपलब्ध करण्यात आली. प्रस्तुत त्रुटीची दुरुस्ती अपडेट ३ मध्ये असल्याने ती त्यातही आहे. ब्रॉडकॉमच्या संकेतस्थळावर नोंदणी करून तेथूनच ती उतरवावी; इतर ठिकाणी मिळणाऱ्या प्रती रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरवर कदापि बसवू नयेत. मोफत आवृत्तीत बॅकअप सॉफ्टवेअरला लागणारी जोडणी मिळत नाही, म्हणून प्रत्येक व्हर्च्युअल मशीनच्या आतून बॅकअप घेण्याची वेगळी व्यवस्था ठेवावी लागेल.

प्रश्न: मी तीन-चार पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळतो. ईएसएक्सआय डोमेनमधून काढून टाकला तर एकच पासवर्ड सगळ्यांत वाटला जाईल, अशी भीती वाटते. डोमेनमुळे निदान कोण आले ते तरी कळते. आपला सल्ला काय? (परभणी)

उत्तर: आपली भीती रास्त आहे. शंभर सर्व्हर आणि दहा प्रशासक असलेल्या ठिकाणी केंद्रीय खात्यांवाचून चालणार नाही. पण पतसंस्थेत एक किंवा दोन सर्व्हर असतात आणि त्यांना हात लावणारी माणसे दोन-तीनच असतात. तेथे डोमेनने मिळणारी सोय थोडी आहे आणि त्याबदल्यात पत्करलेला धोका मोठा आहे. म्हणून लहान संस्थांनी ईएसएक्सआय डोमेनबाहेर ठेवावा, असे माझे मत आहे.

याला आपल्या भागातले आणखी एक कारण आहे. अनेक पतसंस्थांत डोमेन कंट्रोलर स्वतःच त्या ईएसएक्सआयवरील एक व्हर्च्युअल मशीन असतो. उन्हाळ्यात वीज बराच वेळ गेली, यूपीएस संपला आणि मग सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की ईएसएक्सआय आधी उभा राहतो आणि डोमेन कंट्रोलर अजून बंदच असतो. अशा वेळी डोमेनचे खाते चालत नाही आणि ऐन गरजेला स्थानिक रूट खातेच लागते. म्हणजे स्थानिक पासवर्ड सुरक्षित ठेवण्याची शिस्त डोमेन असतानाही पाळावी लागतेच.

कोण आले ते कळावे यासाठी ईएसएक्सआयवर प्रत्येक व्यक्तीचे वेगळे स्थानिक खाते काढावे आणि रोजच्या कामात रूट वापरू नये. रूटचा लांब पासवर्ड मोहोरबंद पाकिटात संस्थेच्या सचिवांकडे तिजोरीत असावा. पाकीट उघडले की तारीख, वेळ आणि कारण नोंदवून पासवर्ड बदलावा. आपण स्वतः तीन-चार संस्था सांभाळता, म्हणून विशेष सांगतो: प्रत्येक संस्थेचा पासवर्ड वेगळाच असला पाहिजे, नाहीतर एका ठिकाणचा हल्ला सगळीकडे पोहोचेल. व्यवस्थापनाचे जाळे वेगळ्या व्हीलॅनवर (बाकी जाळ्यापासून विलग केलेल्या भागात) ठेवावे आणि तेथे ठरावीक एका संगणकावरूनच जाता यावे. एसएसएच काम नसेल तेव्हा बंद असावे. केवळ अधिकृत पॅकेजमधून आलेले प्रोग्रॅमच चालू देण्याची सोय ईएसएक्सआयमध्ये आहे. ती सुरू केल्यास बाहेरून आणलेला कुलूपबंदीचा प्रोग्रॅम चालवणे बरेच कठीण होते.

एखाद्या संस्थेला डोमेनमध्येच राहायचे असेल, तर पहिल्या उत्तरातील तीन बदल करावेत आणि शिवाय डोमेनमध्ये ‘ईएसएक्स अ‍ॅडमिन्स’ हा गट स्वतःच काढून रिकामा ठेवावा, त्यावरचे अधिकार आवळावेत आणि त्यात कोणी सदस्य टाकला की सूचना येईल अशी व्यवस्था करावी. नाव आधीच घेतलेले असल्यामुळे त्याच नावाचा दुसरा गट काढता येत नाही आणि दुसऱ्या गटाला ते नाव देता येत नाही. डोमेन प्रशासकाचे अधिकार मिळवलेला माणूस त्यात सदस्य टाकू शकेलच, पण ते आपल्याला लगेच कळेल.

बॅकअपचा सर्व्हर कोणत्याही परिस्थितीत त्याच डोमेनमध्ये नसावा, आणि एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तोडलेल्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत असावी. दर तिमाहीला त्या डिस्कवरून एक व्हर्च्युअल मशीन वेगळ्या यंत्रावर उभी करून ठेवीदारांच्या खात्यांची आदल्या दिवसाची शिल्लक जुळते का, हे संस्थेच्या लेखनिकाला आपल्यासमोर तपासायला सांगावे.